घरातील जुन्या गोधडीचे वय : विद्यार्थ्यांसाठी एक शोधप्रकल्प

इतिहासाची साधने म्हटली की नाणी, ताम्रपट, शिलालेख, किल्ले आणि लेणी यांची नावे विद्यार्थी बिनचूक सांगतात. परंतु आपल्याच घरातील फडताळात, पेटीत किंवा माळ्यावर इतिहासाचे एखादे साधन घडी घालून ठेवलेले असेल, असे त्यांच्या मनात येत नाही. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात असलेल्या किन्हीराजासारख्या गावी शिलालेख प्रत्येक घरी नसतो. गोधडी मात्र बहुतेक घरी असते. म्हणून इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांना इतिहासाची शोधपद्धती प्रत्यक्ष शिकवावयाची असेल, तर जुन्या गोधडीसारखे सोयीचे साधन दुसरे नाही. तिला पैसा लागत नाही, प्रवास लागत नाही. लागते ते केवळ डोळस निरीक्षण आणि सत्य सांगण्याची शिस्त.

या प्रकल्पाला विलंब करून चालणार नाही, हेही शिक्षकांनी ध्यानी घ्यावे. बाजारातील गुबगुबीत रंगीत ब्लँकेटे घरोघर आल्यापासून जुन्या गोधड्या बैलगाडीत, गोठ्यात किंवा पायपुसण्यासाठी जात आहेत, अथवा भंगारवाल्याच्या पदरात पडत आहेत. ज्या हातांनी त्या शिवल्या ते हात थकले आहेत. गोधडी गेली आणि ती शिवणारी आजीही गेली, म्हणजे त्या घराच्या इतिहासाचे एक पान कायमचे मिटले. ते पुन्हा वाचण्याची सोय कोणत्याही ग्रंथालयात नाही.

गोधडी म्हणजे काय?

वापरून जीर्ण झालेली लुगडी, धोतरे, सदरे व झबली एकावर एक पसरून, धावदोऱ्याच्या टाक्यांनी जखडून केलेले पांघरूण म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ म्हणतात. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होऊन तोच शब्द ‘वाकय’ असा ऐकू येतो. तान्ह्या मुलासाठी केलेले लहान पांघरूण ते दुपटे. गावात जो शब्द रूढ असेल तोच विद्यार्थ्यांनी आपल्या वहीत लिहावा. तो ‘शुद्ध’ करून लिहू नये. वस्तूइतकेच तिचे नावही पुराव्याचा भाग असते.

चिंध्या जोडून वस्त्र करण्याची रीत जगभर आढळते. मध्य आशियाच्या सीमेवरील तुन-ह्वांग येथील लेण्यांतून ऑरेल स्टाइन यांनी आणलेले, रेशमी तुकडे जोडून केलेले एक जुने वस्त्र लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. बंगालमध्ये कांथा, तर उत्तर कर्नाटकातील सिद्दी समाजात कवंदी शिवली जाते. इंग्लंडमध्ये यॉर्क येथील संग्रहात रेशमी तुकड्यांचे एक पांघरूण असून त्यावर १७१८ हे साल आणि दोन आद्याक्षरे तुकड्यांतच जोडलेली आहेत. म्हणून त्याच्या वयाबद्दल वाद नाही. आपल्या गोधडीवर असे साल सहसा नसते. तिचे वय शोधून काढावे लागते, आणि शिक्षणाच्या दृष्टीने तेच तिचे भाग्य होय.

विदर्भातील विद्यार्थ्यांना या विषयाची ओळख करून देण्यास आणखी एक दुवा उपयोगी पडेल. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेले आणि १९५६ साली निवर्तलेले संत गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचे वस्त्र घेत. त्यामुळे लोक त्यांना ‘गोधडे बुवा’ असेही म्हणत. ठिगळ हे लाजेचे चिन्ह नव्हे, ही गोष्ट या एका उदाहरणाने वर्गात सहज पटते. ती पटवून दिल्याखेरीज प्रकल्पास आरंभ करू नये; कारण आपल्या घरची फाटकी गोधडी शाळेत दाखविण्यास काही मुले संकोचतात. कोणाची गोधडी सुंदर, याची स्पर्धा मुळीच लावू नये.

एका गोधडीला चार वये

‘ही गोधडी किती जुनी?’ हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. परंतु त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत. पहिला, तिच्यातील कापड कधी विणले गेले? दुसरा, ते वस्त्र म्हणून किती वर्षे वापरले गेले? तिसरा, गोधडी प्रथम कधी शिवली? आणि चौथा, तिची डागडुजी केव्हा केव्हा झाली? आजीच्या सासूचे लुगडे आजीने शिवलेल्या गोधडीत असू शकते आणि त्यावर सुनेने नातवाच्या सदऱ्याचे ठिगळ लावलेले असू शकते. कित्येकदा जुनी विरलेली गोधडीच आत ठेवून तिच्यावर नवा पदर चढवितात. अशा गोधडीला एकच साल देणे म्हणजे तीन पिढ्यांच्या कुटुंबाला एकच वाढदिवस देण्यासारखे आहे.

यातून कालनिश्चितीचा पहिला नियम निघतो. मूळ शिवणीत पकडलेल्या कापडांपैकी जे सर्वांत नवे असेल, त्याच्याआधी ती गोधडी शिवलेली असू शकत नाही. तुकडा मूळचा की मागाहून लावलेला, हे मात्र टाक्यांवरून ठरवावे. धावदोऱ्याची ओळ ठिगळाखालून सरळ गेली असेल आणि ठिगळाला केवळ कडेने टाके असतील, तर ते ठिगळ नंतरचे. ओळ ठिगळातूनच आरपार गेली असेल, तर ते मूळचे. निवळ जुन्या कापडावरून मात्र गोधडी जुनी ठरत नाही. जुने कापड कोणीही, केव्हाही वापरू शकते. हा भेद एकदा समजला की विद्यार्थ्यास पुराव्याचे अर्धे शास्त्र समजले असे मानण्यास हरकत नाही.

कापडातील खुणा

(१) वीण व सूत. जाड पुठ्ठ्यात एक इंच लांब व एक इंच रुंद खिडकी कापून ती कापडावर ठेवावी आणि भिंगातून उभे व आडवे धागे मोजावेत. हातसुताचा धागा कोठे जाड तर कोठे बारीक असतो. गिरणीचे सूत बहुधा एकसारखे असते. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची स्थापना १८५४ साली झाली. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केली. रेल्वेही १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली होती. तेव्हापासून गिरणीचे कापड वऱ्हाडच्या बाजारात सुलभ झाले. परंतु हातसुताचे कापड असले म्हणजे ते गिरणीपूर्वीचे, असा निष्कर्ष काढू नये; स्वातंत्र्यचळवळीत खादी पुन्हा घरोघर आली आणि ती आजही विणली जाते.

(२) धाग्याचा प्रकार. सूत, लोकर व रेशीम हे नैसर्गिक धागे सर्व काळात मिळतात. त्यांवरून काळ कळत नाही. कृत्रिम धाग्यांचे तसे नाही. नायलॉनचा शोध अमेरिकेत १९३५ साली आणि पॉलिएस्टरचा इंग्लंडात १९४१ साली लागला. भारतात या दोन्ही धाग्यांचे उत्पादन १९६० नंतरच्या दशकात सुरू झाले. ‘टेरिलीन’, ‘टेरिकॉट’ ही नावे खेड्यापाड्यांत पोचली ती त्यानंतर. म्हणून मूळ शिवणीत टेरिकॉटचा तुकडा सापडला, तर ती गोधडी त्या दशकाच्या आधीची नाही, हे निश्चित समजावे. धागा ओळखण्यासाठी आपोआप सुटलेला एखादा तंतू, घरच्यांच्या संमतीने, केवळ शिक्षकाने चिमट्यात धरून पत्र्यावर जाळून पाहावा व शेजारी पाणी ठेवावे. सूत जळते तेव्हा कागद जळल्यासारखा वास येतो व मऊ राख उरते. लोकर किंवा रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. विद्यार्थ्यांच्या हाती ही कसोटी देऊ नये. तिच्यासाठी गोधडी कापणे तर सर्वथा वर्ज्य समजावे.

(३) रंग. पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात आलीच्या मुळापासून तांबडा रंग काढीत. निळीच्या झाडापासून निळा रंग मिळे. १८५६ साली विल्यम पर्किन यांनी जांभळा रंग प्रयोगशाळेत तयार केला. १८६८ साली मंजिष्ठातील तांबडे रंगद्रव्य कृत्रिम रीतीने बनविण्यात यश आले, आणि १८९७ पासून कारखान्यातील नीळ जर्मनीतून बाजारात येऊ लागली. तथापि डोळ्यांनी पाहून ‘हा रंग नैसर्गिक’ असे ठरविण्याचे धाडस करू नये. झाडाची नीळ व कारखान्याची नीळ यांतील मूळ रंगद्रव्य एकच असल्यामुळे जाणकारासही नजरेने भेद करता येत नाही. वहीत ‘निळा, फिकट, काठाशी गडद’ एवढेच लिहावे. शिवणीच्या आतील, उन्हापासून वाचलेला रंग मात्र आवर्जून पाहावा. मूळ छटा तेथे टिकून असते.

(४) शिक्के व अक्षरे. ही सर्वांत मोलाची खूण होय. मांजरपाटाच्या अस्तरावर, पोत्याच्या तुकड्यावर किंवा काठाच्या आतील बाजूस एखादे पुसट अक्षर सापडते. ते वाचता आले, तर कित्येकदा काळाची दोन टोके हाती लागतात. १८८९ च्या व्यापारचिन्ह कायद्यान्वये बाहेरून येणाऱ्या थानांवर लांबी वारांत छापणे आवश्यक झाले. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, तेव्हा १९४३ च्या नियंत्रण हुकुमाने गिरण्यांना कापडावर किंमत व उत्पादनाचा काळ छापावा लागे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ रोजी सुरू झाली. तेव्हा आणे-पैंतील किंमत असेल तर कापड सामान्यतः त्यापूर्वीचे. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे, हा उल्लेख १९५७ ते १९६४ या काळातला. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळला. वार जाऊन मीटर आला तो १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर, १९६० च्या सुमारास. पोत्यांवरील छापही असाच बोलका असतो. अमेरिकेतून धान्य आणण्याचा ‘पी. एल. ४८०’ हा करार भारताशी १९५६ साली झाला. तो आकडा असलेला पोत्याचा तुकडा त्याआधीचा असणार नाही.

(५) शिवण. गोधडी हातानेच शिवतात. परंतु तिच्यात घातलेल्या सदऱ्याच्या किंवा पोलक्याच्या तुकड्यावर यंत्राची शिवण असू शकते. शिवणयंत्र भारतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले व कलकत्त्यातील कारखान्यात ‘उषा’ यंत्रे १९३५ नंतर बनू लागली. गोधडीचा दोरा कोणता, तोही पाहावा : जुन्या काठातून उसवून काढलेला, हातसुताचा, की रिळाचा? एका इंचात किती टाके, ओळीतील अंतर किती बोटे, ओळी कडेपासून आत वळत जातात की सरळ आडव्या, हे मोजून लिहावे. एकाच गोधडीत टाक्यांची दोन वळणे दिसली, तर दोन हात किंवा दोन काळ असल्याचा संभव असतो.

(६) वस्त्राची ओळख. नऊवारी लुगड्याचा काठ, धोतराची किनार, खणाच्या चोळीचा तुकडा, शाळेच्या गणवेशाचे खाकी कापड ही नुसती कापडे नसून माणसे आहेत. लुगड्यात ‘दांड’ घातलेला दिसला, म्हणजे विरलेला भाग काढून दोन चांगली टोके जोडलेली दिसली, तर एक गोष्ट उघड होते : ते लुगडे फाटल्यावरही नेसले गेले आणि नेसण्याजोगे उरले नाही तेव्हाच गोधडीत आले. एवढ्या एका शिवणीवरून घरातील काटकसरीचे जे दर्शन घडते, ते पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाने घडत नाही.

आजीची साक्ष

कापड मुके असते. त्याला बोलते करावयाचे तर शिवणाऱ्या स्त्रीला विचारले पाहिजे. सनाचा प्रश्न विचारून उपयोग नाही. ‘कोणत्या साली शिवली?’ असे विचारल्यास बहुधा ‘लई वर्षं झाली’ एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी घटनेशी सांगड घालावी. ‘तुमचं लग्न झालं होतं का? मोठा मुलगा चालत होता की मांडीवर होता? बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला गेलात तेव्हा ही गोधडी घरात होती का?’ असे विचारले की आठवणी सरळ चालू लागतात. वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या आठवणींसाठी १८९९-१९०० चा छपन्नाचा दुष्काळ, १९१८ ची मानमोडी, १९४७ चे स्वातंत्र्य, १९४८ चा गांधीवध व १९७२ चा दुष्काळ ही गावाला ठाऊक असलेली मैलाचे दगड होत. विद्यार्थ्यांनी त्यांचा तक्ता आधी तयार ठेवावा.

आजींना शाळेत बोलावून पाटावर सन्मानाने बसवावे आणि मुलांनी भोवती बसून ऐकावे. त्या वऱ्हाडीत बोलतील. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. टाक्यांना, कडेला, कोपऱ्यांना कोणती नावे आहेत, हेही विचारावे. महाराष्ट्रात काही ठिकाणी गोधडीच्या मधोमध एक चौकोनी तुकडा लावून त्याला ‘भाकरी’ म्हणतात; गोधडी उपाशी राहू नये अशी त्यामागची भावना सांगितली जाते. आपल्या गावी तसे काही आहे काय, याचा शोध घ्यावा. नसेल तर ‘नाही’ अशी नोंद करावी. ‘नाही’ हीदेखील माहितीच असते.

कागदांचा आधार

तोंडी माहितीचा ताळा लेखी पुराव्याशी घालावा. पहिला पुरावा शाळेच्याच कपाटात आहे : दाखल-खारीज नोंदवही. तिच्यावरून घरातील मुलांची जन्मसाले कळतात. मात्र जुन्या नोंदींत बरीच नावे १ जून किंवा १ जुलै या सोयीच्या तारखांवर आढळतात. तेव्हा अशी तारीख अंदाजाची समजावी. विदर्भातील जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी कोतवाल बुक उपयोगी पडते. घरातील जुन्या वह्यांत शके किंवा फसली सन असेल, तर शकात ७८ व फसलीत ५९० मिळविल्यास इसवी सन सुमारे मिळतो. कोणत्याही घराची नोंद पाहताना त्या घराची संमती घ्यावी व वर्गात ती वाचून दाखवू नये.

जुने ग्रंथ पाहताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. आजचा वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु १९०५ पर्यंत वाशीम हा स्वतंत्र जिल्हाच होता आणि नंतर तो अकोल्यात विलीन झाला. म्हणून १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरमध्ये वाशीम जिल्हा शोधावा, तर १९१० चे गॅझेटियर अकोल्याच्या नावाने शोधावे.

एक उदाहरण

तर्क कसा करावा हे दाखविण्यासाठी एक कल्पित गोधडी घेऊ. घरची मंडळी तिला ‘शंभर वर्षांची’ म्हणतात. वरच्या पदरात दांड घातलेले निळे नऊवारी लुगडे आहे. आत मांजरपाटाचा तुकडा असून त्यावर पुसट ‘न. पै.’ दिसते, धावदोरा त्यातून आरपार गेलेला आहे. एका कोपऱ्यात टेरिकॉटचे ठिगळ आहे. त्याला फक्त कडेने टाके आहेत. आजी सांगतात, ‘थोरला पोटात होता तवा शिवली.’ नोंदवहीत थोरल्याचे जन्मसाल १९६२ आहे.

आता एकेक पुरावा तोलावा. ‘न. पै.’वरून मांजरपाट १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचा ठरतो आणि तो मूळ शिवणीत असल्यामुळे गोधडी १९५७ पूर्वीची नाही. आजींची साक्ष व नोंदवही १९६१-६२ कडे बोट दाखवितात. नोंदवहीतील तारीख अंदाजाची धरली तरी एक-दोन वर्षांचाच फरक पडेल. दोन स्वतंत्र पुरावे एकमेकांस पुष्टी देतात. टेरिकॉट हा नंतरच्या डागडुजीचा पुरावा आहे, शिवणीचा नव्हे. लुगडे मात्र गोधडीहून जुने असणार. निष्कर्ष असा लिहावा : ‘गोधडी १९६० ते १९६४ च्या दरम्यान शिवली असावी, लुगडे त्याहून काही वर्षे आधीचे, ठिगळ १९६५ नंतरचे.’

गोधडी शंभर वर्षांची नाही, असे कळल्यावर त्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरेल. शिक्षकाची खरी कसोटी येथेच आहे. मुलाला बरे वाटावे म्हणून वय वाढवू नये आणि घरच्या माणसांना खोटे ठरवू नये. ‘शंभर वर्षांची’ याचा अर्थ घरात ‘फार मोलाची’ असा असतो आणि तो खराच आहे. पण मोल वेगळे आणि वय वेगळे. ज्या मुलाला हा भेद कळला, तो पुढे वर्तमानपत्रातील बातमीही तपासून वाचील.

नोंद व जतन

प्रत्येक गोधडीसाठी एक स्वतंत्र पान करावे. त्यावर लांबी-रुंदी, थर किती, कापडांचे प्रकार, टाक्यांचे माप, शिक्के, आजींचे शब्द, लेखी पुरावा आणि शेवटी निष्कर्ष, असा क्रम ठेवावा. निष्कर्षापुढे ‘निश्चित’, ‘बहुधा’ किंवा ‘केवळ तर्क’ यांपैकी एक शब्द लिहिणे सक्तीचे करावे. नकाशासाठी गोधडी चटईवर पसरून तिच्यावर दोऱ्यांनी चौकोन आखावेत. खडू किंवा शाई लावू नये. मोबाइलवर दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, शेजारी मोजपट्टी ठेवावी.

गोधडी शाळेत आणणे आवश्यक नाही. शक्य तर विद्यार्थ्यांनीच त्या घरी जावे. तपासणीआधी ती धुऊ नये, खिळ्याला टांगू नये, फार वेळ कडक उन्हात ठेवू नये. परत करताना ती स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कोरड्या जागी ठेवण्याची सूचना द्यावी. घड्या दर काही महिन्यांनी बदलाव्यात. एकाच घडीवर कापड तुटते.

प्रकल्प पुरा झाल्यावर सर्व पाने शिवून त्यांची एक वही करावी. तिची एक प्रत शाळेत राहावी आणि प्रत्येक घराला त्याच्या पानाची नक्कल द्यावी. गोधडी शिवणाऱ्या स्त्रीचे नाव, तिची संमती असल्यास, त्या पानावर ठळक अक्षरांत असावे. आपल्या गावच्या इतिहासात आजवर ज्यांची नावे कोणी लिहिली नाहीत, त्यांची नावे त्यांच्याच नातवंडांच्या हस्ताक्षरात लिहिली जावीत, याहून या प्रकल्पाचे अधिक मोठे फलित कोणते असणार?